रिकामी कॅसेट कस्टममधून सोडवताना

टीव्हीला जोडायच्या जुन्या गेम कन्सोलसाठी परदेशातून फ्लॅश कार्ट (हवा तो गेम भरता येणारी कॅसेट) मागवणार असाल, तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला एक गोष्ट विचारून घ्या: बिलावर आणि पाकिटाच्या कस्टम चिठ्ठीवर वस्तूचं वर्णन काय लिहिणार? बाकीचं नंतर निस्तरता येतं. माझ्या पाकिटावर 'गेम कार्ट्रिज' एवढंच लिहून आलं. त्या दोन शब्दांपायी जे झालं त्याचा वैताग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

वस्तू काय ते थोडक्यात सांगतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'लिटिल मास्टर'सारखे जे टीव्ही गेम होते, ते निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटमध्ये गेम कायमचा कोरलेला असायचा. फ्लॅश कार्टमध्ये तो कायमचा नसतो. एसडी कार्डावरून किंवा यूएसबीच्या वायरीतून हवा तो प्रोग्राम आत भरायचा, मशीनला वाटतं नेहमीची कॅसेटच लावली आहे. मी मागवली ती एव्हरड्राइव्ह एन8 प्रो, फॅमिकॉमची, म्हणजे 60 पिनांची. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचाच अमेरिका-युरोपातला अवतार, त्याची कॅसेट 72 पिनांची असते, ती आपल्याकडच्या मशीनमध्ये बसत नाही. ऑर्डर देताना दोन्ही प्रकार दिसतात, पिना मोजूनच बटण दाबा.

मी खेळतो कमी, गेम लिहितो जास्त. फॅमिकॉममधल्या 6502 जातीच्या प्रोसेसरची असेंब्ली भाषा, त्यासाठी सीए65 हा असेंब्लर, आणि तपासायला मेसेन हा इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम. ही कार्ट येण्याआधी चिपांवर प्रोग्राम कोरून पाहिले होते. जुनी कॅसेट उघडून तिच्यातली चिप काढायची आणि आपली बसवायची, असा बेत होता. पण आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट उघडल्या की आत चिप दिसतच नाही, बोर्डावर नुसता काळ्या लुकणाचा थेंब असतो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून 27सी256 आणि 27सी64 या मेमरी चिपा आणल्या, एकीत 32 केबीचा प्रोग्राम, दुसरीत 8 केबीची चित्रं. या चिपा पुसायच्या तर काचेच्या खिडकीवर अतिनील दिवा पंधरा-वीस मिनिटं धरावा लागतो. एका उडीचा वेग बदलायचा तरी पुन्हा दिवा, पुन्हा प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र), पुन्हा सॉकेट. या कामाला विटलो आणि कार्ट मागवली. ऑर्डर, पैसे भरणं, पार्सल भारतात येणं, यात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही.

मग ट्रॅकिंगवर 'कस्टमने रोखले' असं आलं आणि ते तसंच राहिलं.

आधी वाटलं, रांग असेल. मग पत्र आलं, साध्या टपालाने. त्यात ओळखपत्र, बिल, पैसे भरल्याचा पुरावा, वस्तूचं माहितीपत्रक, वापराचा हेतू, आणि वस्तू वायरलेस असल्यास दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं प्रमाणपत्र असं सगळं मागितलेलं. मी त्याच दिवशी सगळे कागद ईमेलने पाठवले. उत्तर नाही. पुन्हा पाठवले, उत्तर नाही. फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. उचललाच तर 'पत्रावरचा क्रमांक सांगा', आणि तो सांगितला की 'हा आमचा नाही, पार्सलचा सांगा'. तिकडे ट्रॅकिंगवर तेच दोन शब्द. एखादी वस्तू हरवली तर माणूस निदान रडून मोकळा होतो. इथे ती कुठे आहे हे पक्कं माहीत, आणि तरी हाताला लागत नाही.

शेवटी सुट्टी टाकली, नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरली आणि मुंबईत कस्टमच्या त्या कचेरीत जाऊन उभा राहिलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद न बघताच सांगितलं, "साहेब जेवायला गेलेत." घड्याळात साडेअकरा. दुपारी साहेब आले ते मीटिंगला गेले. जाताना एवढंच कळलं, की माझी फाइल साहेबांकडे नव्हतीच, एका मॅडमकडे होती आणि त्या त्या दिवशी रजेवर होत्या. हे खिडकीवरून सकाळीच सांगता आलं असतं. कुठल्याही कचेरीत गेलात तर साहेब आहेत का हे विचारूच नका. फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा.

पुढच्या खेपेला मॅडम भेटल्या. खरं सांगायचं तर त्या कचेरीत ऐकून घेणारं माणूस तेवढं एकच. पाकीट समोर ठेवून त्यांनी विचारलं, "यात गेम किती आहेत?"

"एकही नाही, मॅडम. रिकामी आहे."

"रिकाम्या कॅसेटला एवढे पैसे?"

तिथे माझी बोलती बंद झाली, कारण प्रश्न रास्त होता. त्यांच्या बाजूने बघा. चिठ्ठीवर 'गेम कार्ट्रिज', आणि मालक म्हणतो गेमच नाही. म्हणजे एकतर हा खोटं बोलतोय किंवा चोरीचे गेम भरून विकणार आहे. दुसरी शंका अगदीच हवेतली नव्हती. निन्टेन्डो डीएसवर चालणाऱ्या अशाच कार्टांवर 2009 साली टोकियोच्या आणि 2010 साली लंडनच्या न्यायालयाने बंदी आणली होती. आपल्याकडेही 2007 च्या नियमांनुसार हक्कधारकाने नोंद केली असेल तर नकली माल कस्टम अडवू शकतं. मी म्हटलं, "मी स्वतः गेम लिहितो, ते घालून बघायला हवी आहे." पिशवीतून लॅपटॉप काढून मेसेनवर माझा अर्धवट गेम चालवून दाखवला. त्यांनी बघितला, हसल्या, आणि म्हणाल्या, "हा तर इथेच चालतोय. मग कॅसेट कशाला?"

आता याचं उत्तर द्यायचं तर टीव्हीच्या रेघांपर्यंत जावं लागतं. गेलो. फॅमिकॉमची चित्रं काढणारी चिप पडदा रंगवत असताना तिच्या मेमरीला हात लावता येत नाही. एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी उसंत मिळते, तेवढ्यातच नवी चित्रं भरायची. टीव्हीचं चित्र एकेक रेघ करून रंगतं, म्हणून ही उसंतही रेघांमध्ये मोजतात. जपानी मशीनमध्ये ती 20 रेघांची. युरोपातल्या पाल (तिथल्या टीव्हीची पद्धत) एनईएसमध्ये 70 रेघांची, म्हणजे ऐसपैस. आपल्याकडचा टीव्हीही पाल, पण आपल्या नकली मशीनांना जपानी गेम चालवायचे होते. म्हणून त्यांच्या चिपांमध्ये पालच्या 312 रेघा ठेवून आधी 51 रेघा नुसत्या वाया घालवतात आणि मग जपानी हिशोबाने 20 रेघांची उसंत देतात. युरोपच्या हिशोबाने लिहिलेला गेम आपल्या मशीनवर लावला की पडदा फाटल्यासारखा दिसतो. इम्युलेटरमध्ये या जातीची मशीन निवडता येते, पण घरातल्या खोक्यातली चिप नेमकी कशी वागेल याची हमी कोण देणार?

मॅडमनी शांतपणे ऐकलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थही ऐकायला सरकले. समजलं किती ते देव जाणे. मग मीच म्हटलं, "मॅडम, ही पाटी आहे. पाटीला किंमत असते, तिच्यावर काही लिहिलेलं असो नसो."

"मग पाटी असं लिहून द्या ना!"

तेच लिहून दिलं. साध्या कागदावर: 'प्रोग्राम पुन्हा पुन्हा भरता येईल असा कोरा मेमरी बोर्ड. आत कोणताही गेम नाही. वायरलेस नाही. नग एक. वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही.' खाली सही. या पाच ओळी विक्रेत्याकडून बिलावर आधीच छापून घेतल्या असत्या तर पंचवटीचं तिकीट वाचलं असतं. तुम्ही तरी वाचवा.

इतक्यावर संपेल असं वाटलं होतं. पण आता वर्गीकरण, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकात ही वस्तू कुठल्या क्रमांकाखाली येते ते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ही 8523, माहिती साठवायची माध्यमं. दुसरे कुणी म्हणाले, नाही, व्हिडिओ गेम म्हणजे 9504. दोघांची जुंपली. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, मी मागे मागे. शेवटी साहेबांनी (आज जेवून आले होते) कागद बघितला आणि म्हणाले, "अहो, पोस्टाने आलंय, एक नग, स्वतःसाठी. मग 9804." म्हणजे वैयक्तिक वापराच्या मालाचं शीर्षक. त्यात मेमरी असो की खेळणं, दर एकच. ज्या प्रश्नावर अख्खी दुपार गेली, त्या प्रश्नाचा माझ्या पार्सलशी संबंधच नव्हता. गंमत म्हणजे याचं कुणाला काही वाटलं नाही. साहेबांनी सही केली आणि पुढची फाइल ओढली.

तेव्हा, 2023 साली, त्या शीर्षकाखाली मूळ शुल्क 35 टक्के. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेतीन. या सगळ्यासकट होणाऱ्या रकमेवर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. बेरीज 77.28 टक्के. दहा हजारांच्या वस्तूला 7,728 रुपये, आणि हे दहा हजार म्हणजे नुसती वस्तूची किंमत नव्हे, टपालखर्चही त्यातच धरतात. नंतरच्या अर्थसंकल्पांत मूळ शुल्क खाली आलं आहे, तेव्हा मागवायच्या दिवशीचा दर बघा. पैसे कचेरीत भरावे लागत नाहीत. पार्सल घरी येतं तेव्हा पोस्टमनकाका पावती देऊन घेतात, रोख तयार ठेवा.

'विक्रेत्याला भेट म्हणून लिहायला सांग' हा सल्ला मला निदान चौघांनी दिला. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून शुल्क न भरता माल सोडवायची सोय बंद आहे. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधं. कार्ट यातल्या कशातच बसत नाही.

पार्सल हातात आलं तेव्हा खोक्याच्या चारही बाजूंना कस्टमची चिकटपट्टी होती आणि आतली वस्तू धडधाकट. कार्डातून पहिला गेम चालू करायला चहा निवायच्या आत जमलं. एक सांगायचं राहिलं: कार्ड एफएटी32 (कार्डावर फायली मांडायची एक पद्धत) मध्येच फॉरमॅट करा. 64 जीबीची कार्डं दुकानातून एक्सएफएटीमध्ये येतात, ती ही कार्ट वाचेलच असं धरून चालू नका. आणि जुन्या मशीनचा अ‍ॅडॉप्टर लावून, कार्ट घालण्याआधी, आतल्या 7805 च्या (5 व्होल्ट स्थिर राखणारी चिप) बाहेरच्या पायावर मल्टिमीटरने 5 व्होल्ट मोजून घ्या. एवढं शुल्क भरून आणलेली वस्तू तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या अ‍ॅडॉप्टरच्या भरवशावर ठेवू नये. स्लॉटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लहानपणी सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारायचे, ते आता बंद करा, थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात.

इम्युलेटरवर चालणारा गेम मशीनवर आडवा होतो याचं एक कारण रेघांशिवायचं आहे. मशीन चालू होताना तिची 2 केबी मेमरी कोरी नसते, तिच्यात काहीबाही भरलेलं असतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला ती स्वतः शून्य करून घ्या. यूएसबीची वायर इथे उपयोगी पडते: लॅपटॉपवर बदल केला, वायरीने पाठवला, समोर टीव्हीवर बघितला. दिवा नाही, सॉकेट नाही. त्या कचेरीत घालवलेल्या दुपारची भरपाई बहुधा याच वायरीने केली.

आणि मॅडमना दिलेलं उत्तर खरं ठरलं, तेही मी रेघांवरून भांडत होतो त्यात नाही, तर आवाजात. आपल्याकडच्या कित्येक नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीच्या आवाजाचे 25 टक्के आणि 50 टक्के (लहर किती वेळ वर राहते ते) हे दोन प्रकार अदलाबदल झालेले असतात. इम्युलेटरवर बारीक, नाकातून येणारी माझी धून मशीनवर जाडी आणि पोकळ वाजली. आता सुरुवातीच्या पडद्यावर एक पर्याय टाकलाय: सिलेक्टचं बटण दाबलं की संगीत नकली मशीनच्या हिशोबाने वाजतं. तुम्ही फॅमिकॉमसाठी काही लिहीत असाल तर हा पर्याय ठेवाच, चार-पाच ओळींचं काम आहे.