रिकाम्या वेलमधला पट्टा

जेलच्या आठव्या लेनमध्ये, म्हणजे उभ्या रांगेत, पेशींचं काहीच नव्हतं. पेशी न टाकलेल्या वेलमधलं (प्लेटमधल्या खळग्यातलं) नुसतं माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, २४ तास इन्क्युबेटरमध्ये राहिलेलं. तरी कूमासी या प्रथिनं रंगवणाऱ्या रंगाच्या निळ्यावर ७२ किलोडाल्टन वजनापाशी ठसठशीत पांढरा पट्टा होता आणि वर ९२ ला दुसरा, जरा फिकट. व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा घटक) दिलेल्या पेशींच्या लेनमध्येही हेच दोन, तितकेच.

प्रश्न साधा होता: मानवी रेटिनाच्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना व्हीईजीएफ-१६५ दिलं, तर त्या जिलेटिनेज, म्हणजे जिलेटिन तोडणारी एन्झाइमं एमएमपी-२ (७२ चा पट्टा) आणि एमएमपी-९ (९२ चा), जास्त सोडतात का? मधुमेहात रेटिनात नवी वाहिनी फुटायची तर आधी पेशींखालचं आधारपटल कुरतडावं लागतं, आणि त्यात या एन्झाइमांचा हात असतो. एमएमपी-९ पेशींमधल्या घट्ट सांध्यांतलं ऑक्लुडिनही तोडतं. शिवाय पेशींभोवतीच्या हेपॅरान सल्फेट या साखरसाखळीला चिकटून बसलेलं व्हीईजीएफ ते सुटं करतं, म्हणजे वाढघटक आणि एन्झाइम एकमेकांना खतपाणी घालत राहतात.

पेशी फायब्रोनेक्टिन लावलेल्या सहा वेलच्या प्लेटमध्ये भरल्या होत्या, व्हीईजीएफ मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम. मोजायची पद्धत झायमोग्राम: जेल १० टक्के, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम जिलेटिन. नमुना उकळायचा नाही, मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. नाहीतर एन्झाइम मरतं. जेल पळवल्यावर २.५ टक्के ट्रायटनमध्ये अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन धुण्या, एसडीएस हे प्रथिनांची घडी उघडणारं डिटर्जंट निघून जावं म्हणून. मग कॅल्शियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांवर १८ तास. जिथे जिलेटिन खाल्लं गेलं तिथे रंग धरत नाही.

पहिला संशय लोड करताना झालेल्या सांडलवंडीवर गेला, पण शेजारची मार्करची लेन स्वच्छ होती. जेलची दुसरी प्रत आम्ही १० मिलिमोलर ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये ठेवली होती, तिच्यात सगळे पट्टे गायब. यावरून एन्झाइम धातूवर चालणारं आहे एवढंच ठरतं. ते कोणाचं, हे ईडीटीए सांगत नाही, आणि इथेच माणूस फसतो.

नोंदवही उघडल्यावर उलगडा झाला. 'उपाशी' माध्यमात २ टक्के गोवंशाचं सीरम राहिलं होतं; पेशी पूर्ण उपाशी ठेवल्या की सुटून तरंगतात, म्हणून. सीरममध्ये दोन्ही जिलेटिनेज आयतीच असतात, वजनही तेच, आणि जिलेटिन खाताना गायीचं एन्झाइम माणसाच्यापेक्षा वेगळं दिसत नाही. भरीस भर, हे माध्यम वाढीच्या तयार माध्यमातूनच पातळ केलेलं, त्यामुळे त्यातले व्हीईजीएफ, एफजीएफ आणि आयजीएफ हे वाढघटक कंट्रोलमध्येही पोचले होते. ज्या फरकाची वाट पाहत होतो, तो मोजायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या खेपेला पेशी भरगच्च झाल्यावर कोमट बफरने तीनदा धुतल्या आणि सीरम नसलेल्या, वाढघटक नसलेल्या माध्यमात ६ तास ठेवल्या. मग व्हीईजीएफ, पुढे २४ तास. सीरमच्या जागी १ टक्का अल्ब्युमिन घालायचा मोह आवरला: ते ६६ किलोडाल्टनला धावतं, म्हणजे नेमकं ७२ च्या पट्ट्याच्या बुडाशी, आणि जास्त झालं की ती जागा फुगवून वाकडी करतं. एका वेलला टीएनएफ-अल्फा, एमएमपी-९ वाढवणारं दाहाचं प्रथिन, दिलं, पद्धत चालते की नाही ते कळायला. पेशी नसलेली लेन अर्थातच ठेवली.

या वेळी ती लेन कोरी निघाली. ७२ चा पट्टा पेशी असलेल्या प्रत्येक लेनमध्ये, जवळपास सारखा. एमएमपी-२ या पेशी न सांगताही सोडत असतात. ९२ चा पट्टा टीएनएफच्या लेनमध्ये ठळक, व्हीईजीएफच्या लेनमध्ये पुसट. तो पुसट पट्टाही सरळ मान्य करणं धोक्याचं. व्हीईजीएफने पेशी वाढतात, आणि पेशी जास्त तर एन्झाइमही जास्त. वेलमधल्या डीएनएने भागल्यावर उरलेला फरक आणखी लहान झाला.

झायमोग्रामची एक खोड इथे आडवी येते. एसडीएसमध्ये प्रो-एमएमपीची, म्हणजे सुप्त एन्झाइमची, घडी उघडते, झाकणासारखा तुकडा बाजूला होतो आणि सुप्त एन्झाइमही जिलेटिन खायला लागतं. ९२ आणि ७२ हे दोन्ही सुप्त रूपांचेच पट्टे. एमएमपीला धरून ठेवणारं टिम्पही त्याच एसडीएसमध्ये सुटतं, म्हणजे जेलवर आवर घालणारा कोणी दिसतच नाही.

म्हणून तेच नमुने एसडीएस न लावता, तुटल्यावर चमकणाऱ्या जिलेटिनवर टाकले. चमक जेमतेम उठली. १ मिलिमोलर अमिनोफिनाइल मर्क्युरिक ॲसिटेट हे झाकण उघडणारं रसायन घालून ३७ अंशांवर ठेवल्यावर मात्र ती चढत गेली. पेशींनी एन्झाइम सोडलं होतं, पण बरंचसं झाकण बंद ठेवूनच.