आधी आपलं डोमेन, मग मॅस्टोडॉन

ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरले की ऐरोली-नेरूळकडच्या पक्षीप्रेमींच्या नोंदींनी सोशल मीडिया भरून जातो. पुढच्या हिवाळ्यात त्याच नोंदी शोधायला जावं तर एक हाती लागेल तर शपथ! यावर बरेच जण मॅस्टोडॉन सुचवतात, म्हणजे एका कंपनीच्या ताब्यात नसलेलं, अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं सोशल नेटवर्क. उपाय चांगलाच आहे, पण स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे आपल्या मालकीच्या वेब-पत्त्यावर, एक साधी वेबसाइट आधी हवी.

मॅस्टोडॉन अ‍ॅक्टिव्हिटीपबवर चालतं. सर्व्हरनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा हा नियमसंच. २०१८ पासून तो वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं मानक आहे, म्हणून एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करता येतं. सर्व्हर बदलला तर फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत. त्यांचं अर्काइव्ह उतरवून घेता येतं, पण नव्या खात्यात चढवायची सोय नाही. शिवाय फॉलोअर्स हलवायलाही जुना सर्व्हर चालू लागतो. तो अचानक बंद पडला की तेही गेले.

वेबसाइटला एक एचटीएमएल फाइल पुरते. मराठीसाठी मात्र काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात. अक्षरं कशी वाचायची ते ब्राउझरला सांगणारा यूटीएफ-८चा मेटा टॅग फाइलच्या हेड भागात अगदी वर, पहिल्या १०२४ बाइट्सच्या आत ठेवा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच अक्षरं उमटू शकतात. वेगळा फॉन्ट चढवू नका; फोनमध्ये देवनागरी असतेच, उगाच पान जड होतं. ओळींमधलं अंतर (लाइन-हाइट) १.६ ते १.७ ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत नाहीत. आणि लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका: शिरोरेषा तुटते, शब्द विस्कटलेला दिसतो. तयार इंग्रजी थीममध्ये ही चूक हमखास सापडते. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून टाका.

आता दोन्ही जोडा. साइटवर मॅस्टोडॉन प्रोफाइलची लिंक द्या, तिला ‘रेल’ अ‍ॅट्रिब्यूट लावून त्यात एम आणि ई ही दोन अक्षरं टाका (rel="me"), साइटचा पत्ता प्रोफाइलमध्ये भरा आणि सेव्ह करा. साइट तुमचीच असल्याची हिरवी खूण पत्त्यापुढे येते. नाही आली तर बहुधा साइटला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसतं, किंवा लिंक जावास्क्रिप्टने उमटत असते. ती मूळ एचटीएमएलमध्येच लागते. मग प्रोफाइल पुन्हा सेव्ह करा.

नोंद आधी साइटवर टाका, मॅस्टोडॉनवर दोन ओळी आणि लिंक. तिथे सहसा ५०० अक्षरांचीच मुभा असते.

डोमेन स्वतःच्या ईमेलवर घ्या, साइट करून देणाऱ्या भाच्याच्या नव्हे. नूतनीकरणाची सूचना त्याच ईमेलवर येते.