मायच्या पेटीतलं ग्यादरिंग

ग्यादरिंगची तारीख फळ्यावर लागली की आमच्या घरी पोरींची रीघ लागायची. त्या माझ्याकडे नाही, आजीच्या पेटीकडे यायच्या. घरात आम्ही तिला आजी म्हणायचो, गाव मात्र माय म्हणायचं. मायच्या पत्र्याच्या पेटीत नऊवारी लुगडी होती. यावल-फैजपूर पट्ट्यातल्या आमच्या लहानशा शाळेत जिजाबाईपासून झाशीच्या राणीपर्यंत सगळ्या जणी त्या पेटीतूनच रंगमंचावर गेल्या.

आजी नाटकाला पहिल्या रांगेत बसायची, पण डोळे लुगड्यांवर. एकदा शिवजन्माचा प्रवेश रंगला होता, मंडप अगदी शांत, आणि ही मोठ्यानं म्हणाली, "पदर उचल वं माय, मातीत लोळू राह्यला!" जिजाबाईनं मुकाट्यानं पदर खोचला आणि पाळणा पुढे सुरू झाला. त्या वर्षी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

शाळेची पायरी आजी विद्यार्थिनी म्हणून कधी चढली नव्हती. तरी ग्यादरिंग तिनं चुकवलं नाही. आम्ही नातवंडं जळगाव-भुसावळच्या कॉलेजात गेलो तरी डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की ही आपली शाल गुंडाळून शाळेकडे निघायची. पत्रिका अध्यक्षांना जायची, पाहुण्यांना जायची. हिला कधी गेली नाही आणि हिनं ती कधी मागितलीही नाही.

तिच्या हिशेबी तिचं पहिलं ग्यादरिंग फैजपूरला झालं होतं, डिसेंबर १९३६ मध्ये. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर बसून आलेली. आमचे इतिहासाचे सर दरवर्षी तिला माईकपुढे उभं करायचे. नंदलाल बोसांनी केलेली सजावट, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, महात्मा गांधी, हा भाग सर सांगायचे. आजीच्या वाट्याला बैल. सावद्याहून नेहरूंना रथातून आणलं, त्या रथाचे बैल हा तिचा खास विषय. शिंगांना काय बांधलं होतं, झुली कशा होत्या, कोणता बैल बुजला, सगळं ती सांगायची. बैलांचा आकडा मात्र दर साली बदलायचा. एकदा सर हळूच म्हणाले, "माय, सहा जोड्या होत्या. बारा बैल." आजीनं माईकमधूनच विचारलं, "तू व्हता का रे भो तठी?" पुढच्या वर्षापासून सरांनी आकडा तिच्यावर सोडला. इतिहासाच्या पेपरात मात्र बाराच लिहायचे, असं ते वर्गात येऊन बजावून गेले.

दुसऱ्या दिवशी फिशपाँड आणि बक्षिसं. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. जे सगळ्या शाळांत होतं तेच आमच्याकडेही. खरी मजा तिसऱ्या दिवसाच्या भरताची.

भरतासाठी वांगी गावातूनच यायची, हिरवीगार, पांढुरक्या रेघांची, एकेक वांगं दोन्ही हातांत मावेल एवढं. पोरं शेतातून वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, मोळ्या ओढत आणायची. आजी प्रत्येक वांगं हातात घेऊन तोलायची. आकारानं मोठं आणि हाताला हलकं, ते आधी बाजूला काढायचं. जड वांग्यात बिया फार, असं तिचं म्हणणं. मग टोचे मारून, तेलाचा हात फिरवून वांगी जाळात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती भरीत म्हणायला तयार नव्हती, आणि या बाबतीत मीही तिच्याच बाजूची आहे. पऱ्हाटीचा धूर नसेल तर ते नुसतं मऊ वांगं. साल काढली की गर लाकडी बडगीत पडायचा आणि मोठी पोरं आळीपाळीनं तो ठेचायची. हिरवी मिरची आणि लसूण ठेचलेला, शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेल सढळ. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. पान केळीचं, आमच्या भागात त्याला तोटा नाही.

मीठ आजी टाकायची. गुरुजींनाही त्या पातेल्याला हात लावायची मुभा नव्हती. पंगतीत ती स्वतः जेवायला बसायची नाही, ओळीतून फिरायची. "जेवला का रे? घे न अजून, लाजू नको." वसतिगृहात सातपुड्याच्या पाड्यांवरची मुलं होती. सणाला सगळी घरी जाऊ शकत नसत. त्यांच्या पानाशी ती जरा जास्त थांबायची. त्यांतला एक जण पुढे शिक्षक झाला, तो अजूनही आमच्या घरी आला की आधी स्वयंपाकघरात जातो.

२०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजी नव्हती. असती तर म्हणाली असती, वांग्याले कागद कायले?

एक बक्षीस तिनं स्वतःच सुरू केलं होतं, अकरा रुपयांचं. नंबर आलेल्याला नाही, कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करणाऱ्याला. मुख्याध्यापकांना ते सुरुवातीला पटलं नव्हतं. पारितोषिकांच्या यादीत ते बसेना, निकष काय लिहायचा हेही कळेना. आजीला निकष लागत नव्हता. सगळे निघून गेल्यावर ती पायरीवर बसून राहायची, बघायची आणि पदराच्या गाठीतून पैसे काढून हातावर ठेवायची.

ते बक्षीस आता माजी विद्यार्थी मंडळ देतं. काकांचा आग्रह आहे की रक्कम पाचशे एक करावी, प्रमाणपत्र छापावं, पाहुण्यांच्या हस्ते द्यावं. माझा विरोध आहे. स्टेजवरून जाहीर केलं की दुसऱ्या वर्षी सतरंज्यांना सगळी शाळा चिकटेल आणि खुर्च्या तशाच पडून राहतील. वाद अजून मिटलेला नाही. यंदा नववीतल्या एका मुलीला मिळालं. सतरंज्या झाल्यावर ती माईकच्या वायरी गुंडाळत बसली होती. अकराच रुपये दिले. तिनं ते मोजून घेतले आणि विचारलं, "भरीत उरलंय का?"