हिरवा कुत्रा

कुत्रा हिरवा नाहीये. काल रात्री हे कळलं आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आज ऑफिसात दोनदा चुकीच्या फाईलवर सही केली. कुणाला सांगायला जावं तर एवढं काय त्यात असंच म्हणतील, म्हणून इथं लिहितेय.

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' लावला होता. १९५९ चा, हॅमरवाल्यांचा (इंग्लंडची भयपटवाली कंपनी), टेरेन्स फिशरने केलेला. पीटर कुशिंग शेरलॉक होम्स आणि ख्रिस्तोफर ली बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री, तोच ली जो आदल्याच वर्षी ड्रॅक्युला झाला होता. होम्सचा हा पहिला रंगीत सिनेमा, आणि मी तो आयुष्यात एकदाच बघितलाय, १९८७ मध्ये, आमच्या मिरजेच्या घरी, ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. काल पहिल्यांदा रंगात बघितला. सोमवारचा तो फोन झाल्यापासून झोप तशीही येत नाहीये, तर म्हटलं जे लहानपणी बघून घाबरलो ते तरी बघू.

आणि सिनेमा अजूनही काय देखणा आहे. ती पडकी अ‍ॅबी, त्या जुन्या मठावरचा तो हिरवट उजेड, कुशिंगचं सुरीसारखं तोंड, एका जागी न ठरणारे हात. वॉटसन झालेला आंद्रे मोरेल मला विशेष आवडतो, शांत, समजूतदार, होम्सच्या बरोबरीने विचार करणारा. बुटातून निघालेला तो कोळी लीच्या अंगावर चढतो तेव्हा मी या वयात पाय वर घेऊन बसले. लीला म्हणे खरोखरच कोळ्यांची भीती वाटायची, ते तोंडावर दिसतंच. हा कोळी मूळ कादंबरीत नाहीच, पण मला आठवत होता तसाच्या तसा होता. म्हणजे मी बघितलेला सिनेमा हाच, दुसरा नाही.

मग शेवटी कुत्रा आला. आणि तो नुसता कुत्रा होता.

मोठा, दांडगा, तोंडाला मुखवटा बांधलेला एक कुत्रा. चकाकत नाही, जळत नाही, हिरवा तर अजिबात नाही. मी मागं घेऊन तीन वेळा बघितलं. नंतर वाचलं की तो मोठा दिसावा म्हणून हॅमरवाल्यांनी लहान पोरांना नटांसारखे कपडे घालून, छोटा सेट करून त्यांच्यासोबत तो शूट करून बघितला होता, ते जमलं नाही आणि टाकून दिलं. वाचून मला त्या कुत्र्याची दया आली. ३८ वर्षं मी ज्याला घाबरले तो हा.

झोप गेलीच होती, मग १९३९ चा पण काढला, बेसिल रॅथबोनचा. म्हटलं कदाचित तो डोक्यात बसला असेल. त्यात धुकं काय सुंदर आहे, अख्खा माळ स्टुडिओत उभा केलेला आणि तरी गार वारा लागतो बघताना. पण तिथंही कुत्रा अंधारातला मोठा कुत्राच. आणि मुळात तो सिनेमाच काळापांढरा, त्यात हिरवा रंग येणार कुठून? हे मनात आलं आणि मग एकदम लख्ख झालं की आमचा टीव्हीही काळापांढराच होता की! ज्या टीव्हीवर सगळ्या बायकांच्या साड्या करड्या दिसायच्या त्यावर मला हिरवा कुत्रा दिसला कसा? एवढ्या वर्षांत हा प्रश्न एकदाही पडला नाही.

कादंबरी काढली. १९०१ च्या ऑगस्टपासून पुढच्या एप्रिलपर्यंत 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली ती. होम्सला तर त्याच्या लेखकाने, कॉनन डॉयलने १८९३ मध्येच मारून टाकलेला, म्हणून ही गोष्ट त्याआधी घडलेली असं दाखवून आणली. तिच्यात चकाकी आहे. कुत्र्याच्या जबड्यातून जाळ निघतो, डोळे निखाऱ्यासारखे, आणि मेल्यावर वॉटसन त्याच्या तोंडाला हात लावतो तर त्याचीच बोटं अंधारात चमकायला लागतात, फॉस्फरस. पण तो जाळ निळसर आहे. पुस्तकातही निळा.

मग माझा हिरवा आला कुठून.

कालपासून हेच चाललंय डोक्यात. आमचा संडास परसात होता, विहिरीच्या पलीकडं, आणि मी सातवीपर्यंत रात्री एकटी गेले नाही त्या कुत्र्यापायी. आईला उठवायची. आई बिचारी दिवसभर राबून झोपलेली असायची, तरी कंदील घेऊन यायची. लग्न होऊन पुण्याला आले तरी लाईट गेली की आधी भिंतीकडं तोंड करायची. एवढी खरी भीती आणि तिच्या मुळाशी काहीच नसावं? कुणीतरी माझ्या डोक्यात घालून दिलेलं मी माझं म्हणून सांभाळत बसले. आणि काल रात्री दोन वाजता असंही वाटून गेलं की असं अजून काय काय असेल, जे मी बघितलं म्हणते आणि प्रत्यक्षात मला नुसतं सांगितलं गेलं. घर सगळ्यांचं आहे, हे वाक्य पण. जाऊ दे, हक्कसोडपत्राचा विषय इथं नको.

ती रात्र मी आज बसमध्ये बसून नीट आठवली. दादाची दहावी संपलेली, त्याचं बक्षीस म्हणून अप्पांनी एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणू दिला. रंगीत टीव्हीचं भाडं वेगळं पडायचं म्हणून टीव्ही आमचाच. तीन कॅसेटी. पहिला सिनेमा सगळ्यांनी बघितला, दुसऱ्याच्या मध्यात आई आणि आजी झोपल्या, अप्पा त्याच्या आधीच. तिसरी कॅसेट इंग्रजी निघाली. दादा म्हणाला, बघू की, पैसे दिलेत. मी चौथीत. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. आवाज इतका बारीक केलेला की टीव्हीला नाक लावून बसलो होतो दोघं एका चादरीत, आणि दादा मला मराठीत सांगत होता काय चाललंय ते. त्याला तरी दहावीच्या इंग्रजीपलीकडं किती येत असणार. पण त्याने शाळेच्या लायब्ररीतून आणून होम्स मराठीत वाचलेला होता, त्यामुळं त्याला गोष्ट ठाऊक होती, आणि टीव्हीवरचं आणि पुस्तकातलं तो एकत्र करून मला सांगत होता.

आणि कुत्रा यायच्या आधी तो म्हणाला, "त्याच्या तोंडाला रेडियम लावलंय. आपल्या घड्याळासारखं."

आपलं घड्याळ. टीव्हीच्या वरच फळीवर होतं ते अप्पांचं गजराचं घड्याळ, दोन घंट्या असलेलं, किल्ली द्यायचं. त्याचे काटे आणि आकड्यांवरचे ठिपके अंधारात हिरवे दिसायचे. आम्ही कशालाही चकाकणाऱ्याला रेडियमच म्हणायचो. मी मान वर करून बघितलं असणार तिकडं, आणि मग खाली पडद्यावर कुत्रा आला असणार, आणि तो हिरवा रंग तिथून खाली उतरला. घड्याळातून. मी बसमध्येच रडायला लागले, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढं केली.

पण त्याहून मला जे लागलंय ते वेगळंच आहे.

सिनेमात एक मुलगी आहे, खलनायक स्टेपलटनची मुलगी, सेसिल. कादंबरीत ती त्याची बायको असते आणि बहीण म्हणून वावरते, हॅमरवाल्यांनी तिला मुलगी केली आणि चांगलीच तिखट केली. अनवाणी हिंडते, सर हेन्रीला नादी लावते आणि आतून बास्करव्हिल घराण्याचा नुसता संताप आहे तिच्यात. मला ती फार आवडलेली. मला पक्कं आठवत होतं की शेवटी ती पळून जाते. दादाने सांगितलं होतं, "दलदलीच्या पलीकडं तिच्या मामाचं गाव आहे, तिकडं गेली." मी ते इतकं खरं धरलं होतं की पुढं कितीदा तरी वाटायचं, मामाने ठेवून घेतलं असेल का तिला.

काल बघितलं. ती पळते आणि दलदलीत बुडते. आधी गुडघे, मग कंबर, मग नाहीच. मामाबिमा कुणी नाही.

आणि अगदी सुरुवातीला, तो बास्करव्हिलांचा पूर्वज सर ह्यूगो अ‍ॅबीत त्या पोरीच्या मागं लागतो आणि खंजीर खुपसतो, हा सगळा भाग मला नवीन होता. मी तो पाहिलेलाच नव्हता. मग आठवलं, दादाने मला पाणी आणायला पाठवलं होतं. माठ स्वयंपाकघरात, अंधारात, मी कुरकुर करत गेले, येईपर्यंत तो भाग संपला होता. दादाने तो तांब्या तसाच बाजूला ठेवला. प्यायला नाही.

म्हणजे कुत्र्याला चकाकवणारा तोच आणि पोरीला वाचवणाराही तोच. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं धड.

आज दुपारी मनाची समजूत घालत होते की या गोष्टीचं सगळ्यांनी हेच केलंय. डॉयललाही इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावरच्या भुताळी कुत्र्याची कथा त्याच्या मित्राने, फ्लेचर रॉबिन्सनने सांगितली, मग त्याने ती आपल्या परीने लिहिली. १९३९ वाल्यांनी त्यात प्रेतात्म्याला बोलावण्याची बैठक घातली, हॅमरने कोळी घातला. आपल्याकडं तर १९६२ मध्ये हेमंतकुमारांनी 'बीस साल बाद' काढला त्यात कुत्राच काढून टाकला, त्या जागी रात्री ऐकू येणारं एका बाईचं गाणं, 'कहीं दीप जले कहीं दिल'. आई ते गाणं भाकरी थापताना म्हणायची, आणि मला कधी जाणवलंही नाही की ही दोन्ही एकाच झाडाची फळं. ज्याने ज्याने सांगितली त्याने आपलं काहीतरी त्यात ठेवलं. पण ते सिनेमावाले, त्यांचा धंदा आहे तो. दादाला काय पडलं होतं? त्याला सरळ सिनेमा बघता आला असता. मला झोपवून एकट्याने बघता आला असता. तो अर्धा वेळ माझ्याकडंच वळून बोलत होता, म्हणजे त्याचा स्वतःचा सिनेमा अर्धाच बघून झाला असणार.

हे कळल्यावर राग यायचा थांबला असं नाही. सोमवारचं आहे ते आहे, वहिनी जे बोलली ते बोलली, आणि तो मागं गप्प उभा होता हेही खरंच. पण कालपर्यंत तो मला फक्त सोमवारचा दादा दिसत होता, आज ते जमेना. चादर आठवते. त्याच्या तोंडाला येणारा कच्च्या कैरीचा वास आठवतो.

संध्याकाळी कुकर लावून त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी आपण होऊन. कागदाबद्दल नाही. लिहिलं, "तो बास्करव्हिलचा सिनेमा परत बघितला. ती मुलगी चिखलात बुडते. तू सांगितलं होतंस मामाकडं गेली." पाठवलं आणि फोन उलटा ठेवून भाजी चिरत बसले. शिट्ट्या झाल्या, भात झाला, जेवणं झाली. साडेनऊला बघितलं तर उत्तर आलेलं.

"तू रडली असतीस. अप्पा उठले असते."

मी विचारलं, घड्याळ कुठाय ते. मला वाटलं घर रंगवताना भंगारात गेलं असेल, किंवा विचारतेय म्हणजे हिला तेही पाहिजे असं त्याला वाटेल. पाठवून झाल्यावर हे वाटलं, तोवर दोन निळ्या रेघा आलेल्या.

"माळ्यावर आहे. किल्ली सापडत नाही. शनिवारी काढतो."