एक वार, चार बोटं

घरच्यांचे धड फोटो काढायला मला एकोणीस महिने लागले, आणि फोटो काढणं हाच माझा धंदा आहे. पुण्यात छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टपासून लग्नाआधीच्या शूटपर्यंत सगळं करते. अनोळखी माणूस स्टुलावर बसला की दहा मिनिटांत त्याचे आखडलेले खांदे खाली आणायचे, यावर माझं पोट चालतं. घरच्या माणसांसमोर ही विद्या काडीच्या कामाची नाही, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सुरुवात २०२२च्या गणपतीत झाली. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. मखराचं सामान काढायला माळ्यावर चढले तर मागून पत्र्याची ट्रंक निघाली. आत मनीऑर्डरच्या कुपनांची चवड, त्यांना वितळून चिकटलेला रबरबँड आणि एक फोटो. बाबांचा, १९८१ सालचा, लालबागच्या कुठल्याशा स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग आणि कुठेच न जाणारा जिना. केसांना चप्प तेल, हात गुडघ्यांवर. बाबा तेव्हा गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते, गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपत होते, आणि आई मला घेऊन गावी. हा फोटो टपालाने आला होता. आई तो दाखवून मला "हे बाबा" असं शिकवायची. मे महिन्यात खरे बाबा आले तेव्हा मी त्यांच्या कडेवर जाईना, भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून भोकाड पसरलं, असं आई अजून हसत सांगते. बाबा त्या गोष्टीला हसत नाहीत.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. बाबांची गिरणी त्यांच्यापुरती तिथेच संपली. पुढे २००८पर्यंत त्यांनी मुंबईत वॉचमनची कामं केली. आमच्याकडे ते शिमग्याला यायचे, गणपतीला यायचे, आणि सण संपला की जायचे. कायमचे घरी आले तोवर मी पुण्यात होते आणि धाकटा भाऊ मस्कतला. आता चाकरमानी आम्ही.

तर त्या फोटोवरून डोक्यात आलं की घरातल्या चौघांचे फोटो काढायचे. गिऱ्हाइकासाठी नाही, आपल्यासाठी. नाव, हेतू वगैरे काही ठरवलं नव्हतं.

पहिले सहा महिने नुसते वाया गेले. पुण्याहून छत्री, दोन लाइट, ८५ मिमीची लेन्स असं लटांबर घेऊन कुंभार्ली घाट उतरायचे, पडवीत सगळं मांडायचे, आणि बाबा आधारकार्डाला बसल्यासारखे बसायचे. "चष्मा काढू?" एवढाच प्रश्न. मी काही बोलायला लागले की तोंड थोडं उघडं ठेवून बघत राहायचे. फोटो तांत्रिकदृष्ट्या चोख आणि आतून रिकामे. मग एक चोरीचा प्रयोगही केला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डिअ‍ॅना डाइकमन नावाच्या फोटोग्राफरने १९९१पासून आईवडिलांच्या घरून निघताना दरवेळी त्यांचा टाटा करतानाचा फोटो काढला. वडील गेल्यावर आई एकटी दिसते, आणि २०१७मध्ये शेवटच्या फोटोत घरासमोरची जागा मोकळी आहे. ते फोटो बघून मी रडले होते. म्हणून एसटीच्या खिडकीतून मीही आईबाबांचे फोटो काढले. फोटो वाईट नव्हते, पण उसने होते. आमच्यात निघून जाणारे नेहमी बाबा होते, आणि बसच्या खिडकीतून मागे काय दिसतं ते त्यांना माहीत, मला नाही. ती सगळी फाइल काढून टाकली.

मग कॅमेरा बदलला. जुना, दोन भिंगांचा यशिका मी हौसेने घेतला होता. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फोटो निघतो. एका रोलवर बारा फोटो, त्यामुळे दाबायच्या आधी विचार करावा लागतो. कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, आणि काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. बाबा डावीकडे सरकले म्हणून मी त्यांच्यामागे जायची तर ते आणखी लांब. पहिल्या दिवशी दोघांची फुगडी झाली नुसती.

पण घोळ वेगळाच होता, आणि तो आईने सांगितला. मी काचेत मान घालून "बाबा, जरा इकडे बघा" म्हणत होते. बाबा ढिम्म. आई ओटीवर तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "अगं, मान वर करून बोल. तुझं तोंड दिसल्याशिवाय त्यांना काय कळणार?"

बाबांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. साचे खात्यात शेकडो माग एकदम चालायचे. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, या टोकाकडून त्या टोकाला आपटत राहायचा, मिनिटाला शंभरावर वेळा. तेरा-चौदा वर्षं त्या आवाजात काढली की कान जातात, आणि साचेवाल्यांपैकी कितीतरी जणांचे गेले. पण त्याची दुसरी बाजू माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. त्या खडखडाटात कामगार एकमेकांशी बोलायचे ते ओठ आणि हात बघून. बाबा गेली पन्नास वर्षं माणसांचे ओठ वाचतायत. फोनवर ते दोन वाक्यांत "हां, ठीक, आईकडे देतो" म्हणतात ते तुसडेपणाने नाही; फोनला ओठ नसतात. आणि ते डोळ्यांत न बघता जरा खाली बघतात म्हणून लहानपणी मला वाटायचं, बाबा माझ्यावर नाराज आहेत.

म्हणजे मी कॅमेऱ्यात मान घातली की त्यांच्यापुरती मी खोलीतून निघून जात होते, आणि नेमका तोच चेहरा मी सहा महिने टिपत होते.

उपाय असा निघाला: फोकस आधी लावून ठेवायचा, कॅमेरा तिपाईवर, हातात केबल रिलीज, म्हणजे लांबून शटर दाबायची तार, आणि मी कॅमेऱ्याच्या बाजूला मान वर करून त्यांच्याशी बोलत बसायचं. अडचण अंतराची. हा कॅमेरा साधारण एक मीटरच्या आत फोकस होत नाही, आणि मला तर जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं होतं. जवळचं भिंग लावता आलं असतं, पण मला नको होतं. चेहरा कसा दिसतो हे लेन्सच्या मिलिमीटरपेक्षा तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतं. हातभरावरून नाक मोठं होतं, दहा फुटांवरून माणूस सपाट होतो. मीटरभर म्हणजे समोरासमोर बसून चहा पितो तेवढं. तेवढं बरोबर होतं.

टेप सापडेना. बाबांनी आतून सुतळी आणली, नाकाच्या शेंड्यापासून लांबवलेल्या हाताच्या बोटांपर्यंत ताणली आणि गाठ मारली. "वार," ते म्हणाले. कपडा असाच मोजायचे. मी कॅमेऱ्यावरच्या आकड्याशी ताडून बघितलं, थोडं कमी पडत होतं. त्यांनी गाठीपुढे चार बोटं ठेवली आणि तिथे दुसरी गाठ. एक वार, चार बोटं.

पडवीत पावसाळी उजेड, ४००चा काळा-पांढरा रोल, एफ ५.६, सेकंदाचा साठावा भाग. या अंतरावर एवढ्या उघड्या भिंगाला जेमतेम आठ सेंटिमीटर खोलीपुरतंच स्पष्ट दिसतं. बाबा पुढे झुकले की डोळे गेले, कानच तेवढे धारदार. म्हणून दर फोटोआधी सुतळीचं एक टोक मी भिंगाशी धरायचे, दुसरं ते स्वतःच डोळ्याच्या कडेला लावायचे, मान हलवायचे, सोडून द्यायचे. साच्यावर तुटलेला धागा जोडताना जी एकाग्रता असेल ती चेहऱ्यावर. मग मी बोलायचे. काहीही: पुण्यातलं घरभाडं, भावाचं लग्न, संप. संपाबद्दल ते पहिल्यांदाच माझ्याशी सलग बोलले. त्या रोलमधल्या सातव्या फोटोत बाबा ऐकतायत. नजर माझ्या ओठांवर, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं जरा खाली, आणि कपाळाला बारीक आठी. नाराजीची नव्हे. मी "पगार" म्हणाले की "पगडी" ते ठरवतायत.

मधल्या एका रोलचं नुकसान माझ्याच हाताने झालं. घाईत रोल सैल गुंडाळला गेला, उन्हात काढला, कडेने उजेड आत. त्यावर आईचे फोटो होते. आई "माझा कशाला?" म्हणत सारखी टाळत होती, आणि त्या दिवशी कशी कोण जाणे बसली होती. बाथरूममध्ये बर्फाच्या पिशव्या टाकून पाणी वीस अंशांवर आणलं, रोल धुतला, वाळत घातला, तर सगळ्या चौकटींवर काळा पट्टा. आई परत बसली नाही. तिच्याऐवजी मी मनीऑर्डरची कुपनं काढली, एकेक, खिडकीच्या उजेडात. "सर्व कुशल. शिमग्याला येतो." "सर्व कुशल. रजा नाही." आईला वाचता यायचं नाही, पोस्टमन वाचून दाखवायचा, तरी एकही कुपन तिने टाकलं नाही. आईचा फोटो म्हणून तीच ठेवलीत. हे मला पुरेसं वाटतं का? नाही.

भावाचं प्रकरण आणखी अवघड. मस्कत आपल्या दीड तास मागे, म्हणजे त्याची ड्यूटी सुटते तेव्हा माझी जेवणं. आधी व्हिडिओ कॉल लावून स्क्रीनचेच फोटो काढले. नुसत्या रेघा आल्या, आणि कल्पनाही शिळी. मग तेवढ्याच मापाची सुतळी कापली आणि गावातून तिकडे परत जाणाऱ्या एकाबरोबर पाठवली, आंबोशीच्या पुडक्यात. सांगितलं, खोलीतल्या कोणाला तरी फोन इतक्या अंतरावर धरायला सांग आणि त्याच्याशी बोल. तीन महिने तो आज-उद्या करत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, खोली नाही दाखवायची. आई बघेल." एकावर एक खाटा, आठ माणसं. मला बाबांची लालबागची खोली आठवली, जी आम्हीही कधी पाहिली नाही. आमच्याकडे पोचला तो बाग आणि जिना. मी आग्रह सोडला. त्याने कोऱ्या भिंतीसमोर उभा राहून फोटो पाठवला, सुतळीचं टोक गालाशी धरलेलं. सोडायला विसरला. तोच ठेवला.

राहिले मी. स्वतःचा फोटो काढणं मला कायम खोटं वाटत आलंय. कॅमेऱ्यासमोर मी लगेच गिऱ्हाईक होते, हनुवटी कशी धरायची ते मला फार चांगलं माहीत आहे. २०२४च्या शिमग्याला गेले तेव्हा लांब नळीची, रबरी फुग्याची रिलीज घेऊन गेले. फुगा दाबला की नळीतली हवा शटर सोडते. ठरवलं की बाबांच्या खुर्चीत मी बसायचं, कॅमेऱ्याच्या बाजूला ते, आणि फुगा त्यांच्या हातात.

सुतळी लावली. बाबांनी स्वतः तपासली, दोनदा. पण या कॅमेऱ्याचं शटर इतकं हळू वाजतं की मलाच नीट ऐकू येत नाही. बाबांना कळणार कसं की फोटो निघाला? ते दाबतच राहायचे. मी उठायचे, रोल पुढे करायचे, परत बसायचे, परत सुतळी. अकरा फोटो असे गेले. बाराव्याला मला दिसलं की पाठीमागच्या दोरीवर आईचं लुगडं वाळत आलंय, ते काढायला हवं. मी तेवढं बोलायला तोंड उघडलं आणि बाबांनी मूठ आवळली.

पुण्याला येऊन रोल धुतला. त्यात बरा तो एकच, बारावा: तोंड अर्धवट उघडं, भुवया वर, मागे लुगडं. मे महिन्यात प्रिंट घेऊन गेले. बाबांनी तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, पुन्हा लांब.

"'थांबा' म्हणत होतीस," ते म्हणाले.

"मग दाबलंत कशाला?"

"वाचेस्तोवर दाबला गेला."