उणे तापमानात गाडीचा रंग सांभाळणं: मिसिसागाच्या हिवाळ्यातल्या नोंदी

नोव्हेंबर

इथे कॅनडात, टोरोंटोशेजारच्या मिसिसागात, पहिला बर्फ पडायच्या आत रंगाची तयारी उरकली. हिवाळ्यात गाडी धुताना रंग वाचणार की नाही, याचा अर्धा निकाल नोव्हेंबरमध्येच लागतो असं माझं ठाम मत आहे. गाडी गडद निळी मजदा, आणि गडद रंगावर एकही चरा लपत नाही. आधी व्यवस्थित शाम्पू वॉश, मग ब्रेकच्या धुळीसाठी आयर्न रिमूव्हर, मग क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती), आणि शेवटी सिंथेटिक सीलंटचे, म्हणजे रंगावर बसणाऱ्या कृत्रिम संरक्षक लेपाचे, दोन थर, दुसरा थर दुसऱ्या दिवशी. कार्नौबा हे झाडाच्या पानांपासून मिळणारं वॅक्स मला मनापासून आवडतं, निळ्यावर त्याची झळाळी वेगळीच येते. पण टचलेस वॉशमधल्या (ब्रश न लावता फक्त रसायन आणि धारेने धुणाऱ्या यंत्रातल्या) तीव्र अल्कलीपुढे ते फार काळ तग धरत नाही, म्हणून ते उन्हाळ्यासाठी. ज्यांच्या गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.

एवढी खटपट का, तर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करून चरे काढायचे म्हणजे त्यातलाच थोडा भाग खरवडून टाकायचा. तो परत येत नाही. सीलंट असला की घाण कमी धरते आणि नुसत्या पाण्याच्या धारेने जास्त निघते. हात जितका कमी लागेल तितका रंग टिकतो.

त्याच दिवशी चारही दारांची आणि डिकीची रबरं पुसून त्यांना सिलिकॉनचा हात फिरवला. याचं कारण जानेवारीत कळतं. बाहेरचा नळ आतून बंद करून पाइप रिकामा केला. आता मार्चअखेरपर्यंत ड्राइव्हवेवर होजपाइप नाही.

डिसेंबर

मिठाचा हंगाम सुरू. ऑन्टारियोत रस्त्यांवर जे मीठ पडतं त्यातलं बरंचसं ह्युरॉन सरोवराखालच्या गॉडरिचच्या खाणीतून येतं. जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण ती, जमिनीखाली साधारण 550 मीटर. साधं मीठ उणे 10 च्या आसपास ढेपाळायला लागतं. मग कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार घ्यावा लागतो, आणि कडक थंडीत टोरोंटोत मिठाच्या पाण्यात बीटचा रसही मिसळतात. गाडीच्या दृष्टीने ही दुसरी मंडळी जास्त त्रासदायक, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतात. थर वाळल्यासारखा दिसतो, पण आतून दमट राहतो.

दारांच्या खालच्या भागावर आठवड्याभरात पांढरट थर बसला, भिंतीला चुना मारावा तसा. त्याच्याकडे जवळून पाहिलं की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात: बारीक पांढरी पूड, आणि तिच्यात अडकलेले करडे, चकाकणारे कण. पूड म्हणजे मीठ. कण म्हणजे वाळू. हा फरक माझ्या सगळ्या पद्धतीचा पाया आहे. मोह्सच्या मापाने मिठाची कठीणता अडीचच्या आत, वाळूतल्या क्वार्ट्झची 7. रंगावर चरे पाडते ती मुख्यतः वाळू. मीठ पत्रा खातं. म्हणून मीठ विरघळवायचं आणि वाळू घरंगळून जाऊ द्यायची. फडकं त्यानंतर.

पुण्यात सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसल्या जातात, फडकं झटकून कोरड्यावरच. उन्हात त्या बोनेटवर जी गोल गोल जाळी दिसते ती तिथूनच येते. इथे कोरडं फडकं त्याहून वाईट, कारण धुळीऐवजी खडीच असते. बर्फ झाडायचा ब्रशही मी बदलला. काटेरी केसांऐवजी फोमचं डोकं असलेला घेतला, आणि रंगावर बोटभर बर्फ तसाच ठेवून वरचा तेवढा ढकलतो. शेवटचा थर काढण्याचा अट्टहास करायचा नाही.

नागपूरहून नुकत्याच आलेल्या एका मित्राने विचारलं, "अरे, किटलीतलं गरम पाणी ओतलं तर पटकन निघेल ना?" अजिबात ओतू नका. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की एक भाग फुगतो आणि शेजारचा आखडलेलाच राहतो. खड्याने पडलेली छोटीशी खूण असेल तर तिथून काच सरळ तडकत जाते. शिवाय मिठासाठी उकळत्या पाण्याची गरजच नाही. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं, पाणी थंडगार असो की कोमट, आकडा जवळपास तोच. कोमट पाण्याचा खरा उपयोग एवढाच की ते पत्र्यावर लगेच गोठत नाही आणि तेलकट थर लवकर सैल होतो. हात घालून सहन होईल इतपत कोमट पुरे.

जानेवारी

माझं वेळापत्रक आता तापमानावर चालतं, घाणीवर नाही. बाहेर उणे 10 च्या खाली असेल तर गाडीला हात लावत नाही, कितीही पांढरी झाली तरी. कोरड्या कडक थंडीत गंजही मंदावतो, त्यामुळे घाई नसते. उणे 10 ते उणे 3 मध्ये सेल्फ सर्व्हिस बे (नाणी टाकून आपणच गाडी धुवायची जागा) आणि नंतर गॅरेज. शून्याच्या आसपास किंवा वर गेलं की तो दिवस वाया घालवायचा नाही.

या महिन्यातलं सगळ्यात समाधानाचं काम उणे 6 ला झालं, रस्ते कोरडे असताना. आधी बेमध्ये गेलो. नाणी टाकायच्या आत गाडी पाच मिनिटं तशीच उभी ठेवली, मागे रांग नव्हती. मग प्रीसोक, म्हणजे घाण सैल करणारं आधीचं द्रावण, खालून वर मारलं, म्हणजे सर्वांत घाण भागाला ते सर्वांत जास्त वेळ मिळतं. नंतर प्रेशरची धार वरून खाली, नोझल हातभर लांब धरून. सगळ्यात जास्त वेळ चाकांच्या कमानींना आणि दारांखालच्या पट्टीला दिला. बंपरच्या कडेला किंवा जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे धार जवळ नेली तर रंग उचकटतो, हे ध्यानात असू द्या. तिथे टांगलेला फेसाचा ब्रश मी वापरत नाही. माझ्या आधी त्याने कुणाच्या पिकअपची कमान घासली असेल ते मला माहीत नसतं. शेवटी स्पॉट-फ्री, म्हणजे सुकल्यावर डाग न ठेवणारं पाणी, आणि तडक घरी.

गॅरेज तापवलेलं नाही, पण घराला चिकटून आहे आणि दाराला इन्सुलेशन आहे. भिंतीवरच्या थर्मामीटरवर 4 दिसले. तिथे रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने खळबळावं न लागणारी धुलाई. 10 लिटर कोमट पाणी, त्यात 40 मिलिलिटर ऑप्टिमम नो रिन्स हे त्यासाठीचं द्रावण, म्हणजे एकास 256 हे नेहमीचं प्रमाण. आठ मायक्रोफायबर टॉवेल एकदमच बादलीत भिजवले. तेच पाणी पंप स्प्रेअरमध्ये भरून एका वेळी एकच दार भिजवलं आणि थांबलो. थंडीत थांबायचं ते थोडं जास्तच, पण पत्र्यावर पाणी साय धरायला लागेपर्यंत नव्हे.

मग टॉवेलची चौपट घडी. वजन टॉवेलचंच, बोटांचा दाब नाही. एका दिशेने एक ओढ, उचलायचा, घडी उलटायची, पुन्हा एक ओढ. पहिल्या ओढीनंतर घडी उघडून पाहिली तर खालच्या कडेला करड्या रंगाची रेघ आणि तिच्यात तीन-चार कण चमकत होते. ते कण आता टॉवेलच्या धाग्यांत खोल बसलेले, रंगावर नाहीत. वापरलेला टॉवेल परत बादलीत बुडवायचा नाही, या पद्धतीचा सगळा जीव त्या एका नियमात आहे. आधी छप्पर, काचा, बोनेट, मग दारांचा वरचा अर्धा, आणि सर्वांत शेवटी खालची पट्टी. तिच्यासाठी वेगळे जुने टॉवेल. चाकांचे तर रंगानेच वेगळे ठेवलेत, म्हणजे धुवायला टाकतानाही मिसळत नाहीत.

प्रत्येक भाग लगेच सुकवायचा. ओलसर टॉवेल गॅरेजच्या दाराशी पडून राहिला की कडक होतो, आणि कडक झालेला टॉवेल रंगाला लावू नये. म्हणून सुके टॉवेल घरात, हीटरपाशी.

पाणी कुठे टाकता हेही महत्त्वाचं. ड्राइव्हवेवरून वाहिलेलं पाणी पावसाच्या गटारात जातं आणि तिथून प्रक्रिया न होता थेट ओढ्यात, आमच्याकडे पुढे ऑन्टारियो सरोवरात. रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष कॅनडा सरकारने 2001 मध्येच काढला आहे. माझी 10 लिटरची बादली तळघरातल्या सिंकमध्ये रिकामी होते. तळाशी बसलेली वाळू कागदावर काढून कचऱ्यात.

नंतरची पंधरा मिनिटं कुणी देत नाही, आणि गोठून चिकटलेल्या दाराचं हँडल उपटतं ते यामुळेच. चारही दारं, डिकी, पेट्रोलच्या झाकणाची खोबण, हे सगळं उघडून कोरडं केलं. रबरांवर पुन्हा सिलिकॉन. आरशांच्या फटीतलं आणि हँडलमागचं पाणी छोट्या ब्लोअरने उडवलं. मग गाडी बाहेर काढून रिकाम्या गल्लीत एक फेरी, ब्रेक हलके दाबत दाबत, म्हणजे डिस्क सुकतात. रात्री पार्किंग ब्रेक लावला नाही, सपाट जागेवर गिअर पार्कमध्ये पुरतो. सकाळी उणे 13 होतं, आणि चारही दारं बिनबोभाट उघडली.

फेब्रुवारी

मध्यावर दोन दिवस पारा अधिक 5 ला गेला. बर्फ वितळला, रस्त्यावर नुसता चिखल. अशा वेळी लोक म्हणतात, आता धुऊन काय उपयोग, पुन्हा घाण होणारच. मी नेमकं उलट सांगेन. साठलेलं मीठ ओलं होतं ते याच दिवसांत, आणि तापमान चढलं की गंजाची गती वाढते. गाडी चमकावी म्हणून धुऊ नका, पण खालचा पत्रा जरूर धुवा. मी दोन्ही दिवस फक्त तळ आणि कमानी धुतल्या. वरच्या रंगाला हातही लावला नाही.

याच कारणासाठी, गॅरेज तापवणाऱ्या मित्रांना माझा सल्ला: गाडी आत घ्यायच्या आधी कमानींमध्ये लोंबणारे बर्फाचे गोळे पाडा. ते रात्रभर आत वितळत राहिले की गाडी कोमट मिठाच्या पाण्यात उभी राहिल्यासारखीच असते.

रंगाची तपासणीही याच आठवड्यात केली. सुकवून झाल्यावर डोक्यावरचा दिवा बंद करून एलईडी टॉर्च बोनेटला तिरपी धरली. बोनेट आणि छप्पर नोव्हेंबरइतकंच स्वच्छ. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात दोन फिकट रेषा आहेत, त्या बुटाच्या टाचेच्या असाव्यात, आडव्या आणि सरळ आहेत. पाण्याचे थेंब बोनेटवर अजून गोल उभे राहतात, पण मागच्या दारांवर सपाट पसरायला लागलेत. तिथे मार्चच्या पहिल्या उबदार दिवशी स्प्रे सीलंटचा एक हात देणार आहे. नळ उघडला की मग पूर्ण आयर्न रिमूव्हर आणि क्ले. त्यानंतर मागच्या दारांना वेगळ्या ब्रँडचा सीलंट लावून पुढच्या दारांशी पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुलना करायची आहे.

एडमंटन आणि विनिपेगकडच्या मंडळींना एक विचारायचं आहे. तुमच्याकडे उणे 25 सलग टिकतो, तेव्हा खालचा थर तसाच ठेवता की गरम बे शोधून धुता? आणि धुतल्यावर दारांची रबरं कशाने वाचवता?