सात एमबीचा घोळ

एका कार्यालयाच्या जुन्या फायली स्कॅन करून द्यायचं काम होतं. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), ग्रे-स्केल टिफ म्हणजे ठिपक्यामागे एक बाइट, कॉम्प्रेशन नाही. ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, पानामागे साधारण ८७ लाख बाइट. कडा कापल्यामुळे आकार थोडा मागेपुढे व्हायचा. पानं सव्वादोन लाखांवर गेली आणि विंडोजने फोल्डरचा आकार दाखवला १.८० टीबी. करारातली अट अशी की सगळा डेटा डीव्हीडीवर, दोन प्रतींत, आणि दोन्ही प्रतींचे चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे, तंतोतंत जुळले पाहिजेत. हार्ड डिस्क का नको, म्हणून आमच्याकडे बरीच थट्टा झाली. पण एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर मागाहून कोणी पान बदलू शकत नाही. त्या अटीत तथ्य होतं, हे मान्य करायला हवं.

तथ्य नव्हतं ते मागणीपत्रात. १८०० भागिले ४.७, म्हणजे ३८३ डिस्क. दोन प्रतींच्या ७६६, वर थोड्या जास्तीच्या धरून ८००. पन्नासाची एक अशी सोळा स्पिंडल आली. आमच्यातल्या एकाने १०२४ ने गुणून ३९३ काढल्या आणि आपलंच बरोबर म्हणून बसला. दोन्ही हिशेब चुकले. विंडोज टीबी म्हणतं तेव्हा १०२४ चा चौथा घात मोजतं, म्हणजे १.८० टीबीचे प्रत्यक्षात सुमारे १,९७,९१२ कोटी बाइट होतात. डीव्हीडीच्या डब्यावरचे ४.७ जीबी मात्र हजाराच्या हिशेबाचे, म्हणजे साधारण ४७० कोटी बाइट, नेमके ४७०.७३ कोटी. विंडोजला तीच डिस्क ४.३८ जीबी दिसते. गंमत म्हणजे सीडीवरचे ७०० एमबी १०२४ च्याच हिशेबाचे असतात. एकाच कपाटातल्या दोन डब्यांवर दोन वेगळी मापं! भागाकार नीट केला तर डीव्हीडी लागतात ४२१, सीडी लागल्या असत्या सुमारे २,७०० आणि २५ जीबीच्या ब्लू-रे ८०. टीबी, जीबी बाजूला ठेवून सरळ बाइटला बाइटने भागावं, एवढंच.

तेही कागदावरचं गणित. फाइल तोडायची नाही म्हटलं की आकडा वाढतो. २८० पानांची फाइल २.४४ जीबी होते, तशा दोन एका डिस्कवर मावत नाहीत. एक ठेवली की जवळजवळ अर्धी डिस्क रिकामी. शिवाय आमची रीत हजाराच्या हिशेबाने ४.४ जीबीला थांबायची, कारण बाहेरच्या कडेलाच चुका जास्त येतात. डिस्क हाताळताना बोटं तिथेच लागतात आणि रंगद्रव्याचा थरही तिथेच दगा देतो.

आणलेल्या डिस्क पुरवायच्या म्हणून ही रीत मोडली. फायली तोडून, प्रत्येक डिस्क काठोकाठ भरून ४२१ आयएसओ इमेज, म्हणजे डिस्कवर जशाच्या तशा लिहायच्या प्रती, बनवल्या. मीच हो म्हटलं होतं.

पहिली प्रत पूर्ण झाली, ९ डिस्क खराब गेल्या, दुसऱ्या प्रतीच्या ३७० झाल्या आणि माल संपला. उरलेल्या ५१ साठी आणखी दोन स्पिंडल मागवली. कंपनी तीच, डबा तसाच. पहिलीच इमेज लावली तर सॉफ्टवेअर म्हणालं, जागा अपुरी. डबा फिरवून पाहिला. आधीचा माल डीव्हीडी-आर होता, हा डीव्हीडी+आर. उणे चिन्हाच्या डिस्कवर २२,९८,४९६ सेक्टर, म्हणजे डेटाचे ठरावीक मापाचे कप्पे असतात, अधिक चिन्हाच्या डिस्कवर २२,९५,१०४. सेक्टर २०४८ बाइटचा, म्हणजे फरक ६९,४६,८१६ बाइट. आमच्या एका पानाहूनही कमी! पण काठोकाठ भरलेल्या डिस्कवर शिल्लक उरते ती शून्य ते एक पान यांच्या मधली. त्यामुळे दहातल्या आठ इमेज अडणार हे उघड होतं. ५१ पैकी ४१ अडल्या.

दुकानदाराचं म्हणणं, ‘डीव्हीडी म्हणजे डीव्हीडी.’ मागणीपत्रातही तेवढंच लिहिलेलं, तेव्हा त्याला काय बोलणार? उणेचा माल यायला चार दिवस लागणार होते आणि मुदत दोन दिवसांवर. एका पोराने ओव्हरबर्न, म्हणजे डिस्कच्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे लिहून पाहिलं. त्याच ड्राइव्हवर व्हेरिफाय झालं, शेजारच्या ड्राइव्हवर शेवटचं पान उघडेना. तो नाद सोडला.

शेवटी त्या ४१ इमेजमधलं प्रत्येकी शेवटचं पान काढलं आणि सगळी मिळून ४२२ क्रमांकाच्या नव्या डिस्कवर टाकली. साडेतीनशे एमबीच्या आसपास भरली. पण चेकसम जुळायला हवेत, म्हणून त्या ४१ ची पहिली प्रतही रद्द. हिशेब असा: ८२ डिस्क त्यांच्या, १० न अडलेल्या, २ नव्या क्रमांकाच्या, एकूण ९४. आठच्या वेगाने लिहायला आठ मिनिटं, पडताळायला जवळजवळ तेवढीच. तीन ड्राइव्हवर आठ-साडेआठ तास गेले. ४ खराब झाल्या, शंभरातल्या २ उरल्या. रद्द झालेल्या ४१ कात्रीने कापून त्यांची यादी जोडली.

काम वेळेत गेलं, बिलही निघालं. डोक्यातून जात नाही ती ४२२ क्रमांकाची डिस्क. तिच्यावर ४१ फायलींमधलं एकेक पान आहे, तेही फाइलच्या मधलंच, जिथे आमची डिस्क संपली तिथलं. उद्या कोणी अशी फाइल मागितली तर अर्धी एका डिस्कवर, पुढची अर्धी दुसरीवर आणि मधलं एक पान तिसरीवर. सूचीत तशी नोंद केली आहे, पण ती फक्त छापील रजिस्टरात आणि ४२२ वरच्या छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये. बाकीच्या डिस्कवरची सूची तोवर लिहून झाली होती.